डागी आधी

"मनुष्यजातीचा ऱ्हास," अण्णा म्हणाले, "चांगला आंबा आधी खाण्यापासून सुरू झाला."

हे विधान एखाद्या व्यासपीठावरून झालं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. अण्णा ते पलंगाखालून करत होते. बाहेर त्यांच्या फक्त पोटऱ्या आणि तळवे दिसत होते. बोलून झाल्यावर त्यांनी मान उचलली आणि पलंगाच्या आडव्या पट्टीवर त्यांचं डोकं आपटलं. तो आवाज विधानापेक्षा स्पष्ट ऐकू आला.

"लागलं का हो?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "दोन डागी निघाले."

ही गोष्ट साठेक वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली, कराडची. अण्णा तिथं तारमास्तर होते. तारेत शब्द मोजून वापरायचे असतात हा नियम त्यांनी घरीही लावला होता. जेवायला या म्हटलं तर ते "येतो" असंही म्हणत नसत, नुसते येत. पण मे महिना लागला आणि पलंगाखाली आंब्याची अढी पडली की या अबोल माणसाला वाचा फुटे.

अढीतले आंबे दरवर्षी गुलाब बागवानाकडून यायचे. चिपळूणकडचा माल घाट चढून त्याच्या दुकानी उतरला की अण्णा पहिल्याच संध्याकाळी तिथं हजर होत. करंडीतला वरचा थर ते बघतसुद्धा नसत. "वरचा थर दुकानदाराचा, खालचा आपला," असं म्हणून पार तळापर्यंत हात घालत. मग एकेक कच्चा आंबा देठाशी हुंगत, कानाजवळ नेत. कानाला काय ऐकू येई ते कुणालाच कळलं नाही, पण तारमास्तरांना सवय असावी.

"अण्णासाब," गुलाबभाई म्हणे, "आंबा बघताय का जावई?"

"जावई बघणं सोपं," अण्णा म्हणत. "तो निदान बोलतो."

करंडी घरी आली की आंबे पलंगाखाली पेंढ्यावर ओळीनं मांडले जात. त्यानंतर अढीला हात लावायचा अधिकार एकट्या अण्णांना. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पाय धुऊन ते पलंगाखाली शिरत आणि डाग पडलेले आंबे हुडकून बाहेर काढत. कायदा एकच होता: डागी आधी. डागी संपल्याशिवाय चांगल्याला हात लावायचा नाही, कारण चांगला उद्यापर्यंत टिकतो.

कायद्यात खोट नव्हती. फक्त आज चांगला म्हणून ठेवलेला आंबा उद्या डागी होऊन बढतीला पात्र ठरायचा. त्याला आम्ही खायचो तोवर मागच्या ओळीतला पिकून त्याच्या जागी येऊन बसायचा. अशी सबंध करंडी आम्ही खात असू. एकही आंबा वाया जात नसे आणि एकही चांगला तोंडी लागत नसे. अठरा वर्षांचा होईपर्यंत माझी समजूत होती की आंब्याची चव थोडी ताडीच्या अंगानं जाते.

या कायद्याला घरात एकच विरोधक होती. माझी थोरली बहीण, कुमुदताई. ती बी.ए. होऊन घरी बसली होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. त्या संध्याकाळी अण्णा दोन डागी आंबे घेऊन पलंगाखालून बाहेर आले तेव्हा ती भिंतीला टेकून उभीच होती.

"अण्णा, त्या कडेच्या ओळीत एक अगदी केशरी झालाय. तो द्या ना आज."

"तो उद्या."

"उद्या त्याला डाग पडेल."

"पडला तर उद्या नक्की मिळेल," अण्णा म्हणाले आणि सुरी घेऊन बसले.

डाग कापणं ही अण्णांची कला होती. काळं तेवढं उचलायचं, त्याच्या कडेचं पिवळं कापलेल्या सालीवरसुद्धा राहू द्यायचं नाही. ताई त्या सुरीकडे बघत होती. एकदम म्हणाली, "रविवारी सांगलीचे लोक येताहेत ना, त्यांच्याबद्दल माझी एक अट आहे."

आई दारात आली. लग्नाच्या मुलीनं अट घालायचे ते दिवस नव्हते. मुलीनं पोहे आणायचे आणि खाली बघायचं, एवढंच तिचं काम.

"बंगला नको, दागिने नकोत," ताई म्हणाली. "मुलगा काळा असो, गोरा असो. ज्या घरात करंडी उघडली की चांगला आंबा आधी खातात, त्या घरी मला द्या. डागी आधी खाणाऱ्या घरी मी जाणार नाही. सांगून ठेवते."

मला हसू आलं. अण्णांना आलं नाही. त्यांनी सुरी ताटलीत ठेवली.

"मग माझंही ऐक," ते म्हणाले. "मुलाची पारख मी आंब्यावरच करणार आहे. रविवारी त्याच्यापुढे कापलेल्या फोडी ठेवायच्या नाहीत. अख्खे आंबे ठेवायचे. चांगले आणि डागी, दोन्ही. डागी उचलणारा माणूस संसार नीट करील. चांगला उचलणाऱ्याला मी मुलगी देणार नाही."

आईचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं होतं, पण हे गणित तिनं आमच्या आधी सोडवलं.

"म्हणजे त्यानं डागी घेतला तर ही नाही म्हणणार," ती म्हणाली, "आणि चांगला घेतला तर तुम्ही. मग त्या माणसांना सांगलीहून कशाला बोलावताय? पत्र टाकून नको म्हणून कळवा."

बापलेकीचे चेहरे तेव्हा इतके सारखे दिसत होते की आई कपाळाला हात लावून आत गेली.

जेवणं झाल्यावर ताई परसात भांडी विसळत होती. मी तिला म्हणालो, "ताई, आंब्यावरून कुणी स्थळ मोडतं का? हसतील लोक."

"हसू देत."

"तो साखर कारखान्यात केमिस्ट आहे. फोटोतही बरा दिसतो. अण्णांनी किती शोधून काढलाय."

ती थांबली. म्हणाली, "मुकुंदा, कपाटातल्या त्या निळ्या कपबशा आपण कधी वापरल्या?"

"त्या पाहुण्यांसाठी आहेत."

"आणि पाहुणे आले की?"

मी आठवून बघितलं. पाहुणे आले की आई म्हणायची, तुम्ही काय, घरचेच. आणि रोजच्या पेल्यांतून चहा द्यायची.

"ती जरीकाठी चादर? माझं मॅट्रिकच्या वेळचं जांभळं पातळ? ते मला आता आखूड होतं, माहितीये? घडी न मोडता आखूड झालं." तिनं पेला पालथा घातला. "आपलं सगळं उद्यासाठी आहे रे. मला आज म्हणून काहीतरी बघायचंय. लग्न एकदाच होणार. तिथंही हेच असलं तर मग मी कुठं जाऊ?"

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी विसळलेली भांडी आत नेऊन ठेवली.

रविवारपर्यंतचे दिवस तणावाचे गेले. पाहुण्यांसाठी म्हणून अण्णांनी चांगले आंबे वेगळे काढले होते आणि त्यांना डाग पडू नये म्हणून दिवसातून दोनदा पालथे करत होते. इकडे परीक्षेला डागी आंबेही हवेत म्हणून, जन्मात प्रथमच, त्यांनी आम्हाला डागी आंबे खायला बंदी केली. म्हणजे त्या आठवड्यात आम्ही कुठलेच आंबे खाल्ले नाहीत.

रविवारी सकाळी आईनं अखेरचा प्रयत्न केला. "अहो, पाहुण्यांपुढे डागी आंबे? काय म्हणतील ते?"

"जे म्हणतील त्यावरून माणूस कळेल."

अण्णांनी पितळी तबकात आंबे स्वतः रचले. डागी पुढे, डाग वरच्या बाजूला. ते कोट घालायला आत गेले तेवढ्यात ताईनं येऊन चांगले पुढे घेतले आणि डाग खाली केले. अण्णांनी परत येऊन पुन्हा पहिल्यासारखं केलं. मी दाराशी उभा होतो. दोघांनीही मला काही सांगितलं नाही आणि मीही काही पाहिलं नाही. शेवटी आई आली. तिनं सगळे आंबे उचलून तबकात नुसते ओतले. "जसे पडतील तसे," ती म्हणाली.

सांगलीहून दोघंच आले. यशवंत रिसबूड आणि त्याची आई. यशवंत उंच, सावळा, बोलण्याआधी एकदा चष्मा सारखा करणारा. रिसबूडबाई ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या, आणि अंगणातूनच बोलत आलेल्या.

"काय ऊन हो तुमच्याकडे," त्या बसता बसता म्हणाल्या. "म्हणजे आमच्याकडेही आहे, पण आपलं ऊन असलं की बोलता येत नाही."

ताई पाणी घेऊन आली. रिसबूडबाईंनी तिला जवळ बसवलं.

"गाणं येतं का गं?"

"नाही."

"बरं झालं. आमच्याकडे कुणाला कळत नाही. स्वयंपाक?"

"येतो."

"तो मात्र सगळ्यांना कळतो," बाई म्हणाल्या आणि मोकळ्या हसल्या. ताईलाही हसू आलं. ते तिनं आवरलं. मला दिसलं की तिला ही माणसं आवडायला लागली होती, आणि त्यामुळेच तिचा जीव टांगणीला लागला होता. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

पोहे झाले. अण्णांनी मला खूण केली. मी तबक आणून यशवंतपुढे ठेवलं, बाजूला सुरी आणि ताटली. ताई उठून आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"घ्या, यशवंतराव," अण्णा म्हणाले. आवाज अगदी साधा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला होता. तारेची पट्टी वाचावी तसा आला.

यशवंतनं चष्मा सारखा केला. त्याचा हात तबकावर आला आणि थेट वरच्या केशरी, बिनडागी, मोठ्या आंब्यावर पडला. दारातली ताई सरळ झाली. अण्णांनी डोळे मिटले.

पण यशवंतनं तो आंबा फक्त बाजूला सारला. खालचा एक आंबा उचलला. त्याच्या देठापाशी चांगला रुपयाएवढा काळा डाग होता. त्यानं तो फिरवून पाहिला, पसंत केला आणि सुरी घेतली. डाग त्यानं असा कापला की कडेचं पिवळं सालीवर राहिलं नाही.

अण्णांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर तसला आनंद मी पुढे त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नाही.

"यशवंतराव," ते म्हणाले, "आमच्याकडून होकार समजा."

"अहो," आई म्हणाली.

"माझ्याकडून नाही," दारातून ताई म्हणाली.

आमच्या बैठकीच्या खोलीत मुलीच्या तोंडून असा 'नाही' कधी ऐकू आला नव्हता. रस्त्यावरून एक टांगा गेला तो पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला. रिसबूडबाईंनी मान वळवून ताईकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. चकित झाल्या होत्या.

"का गं बाई? काय झालं?"

"त्यांनी डागी घेतला," ताई म्हणाली.

यशवंतनं हातातल्या फोडीकडे पाहिलं. "घ्यायचा नव्हता का?" असं म्हणून त्यानं ती हळूच ताटलीत परत ठेवली.

मग आईनं, मान खाली घालून, जे होतं ते सांगितलं. अढी, कायदा, लेकीची अट, बापाची अट, सगळं. सांगताना तिला इतकं लाजल्यासारखं झालं होतं की मधेमधे ती जमिनीशीच बोलत होती. अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

ऐकून झाल्यावर यशवंत थेट ताईशी बोलला. "आमच्याकडे डागी मीच खातो."

"आणि चांगले?" ताईनं विचारलं.

"चांगले आई, बहीण. बाकी जे कोण असतील ते."

"कधी?"

"कधी म्हणजे? तेव्हाच."

"डागी संपल्यावर?"

"नाही, बरोबरच. करंडी उघडली की सगळे भोवती बसतात. चांगले ज्याला जो हवा तो घेतो. डागी माझ्याकडे सरकवतात."

"आणि उरलेले?"

"उरत नाहीत," रिसबूडबाई म्हणाल्या. "शेजारचे येतात, समोरचे येतात. मी पेंढ्यात पिकवते तेवढं खरं, पण एकदा का उघडली की संध्याकाळी नुसता पेंढा. आंबा दुसऱ्या दिवशी कसा दिसतो ते आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही."

आता अण्णांनी कॅलेंडरवरची नजर काढली. "सबंध करंडी?"

"सबंध."

"एका दिवसात?"

"दिवस कसला. दुपारच्या चहापर्यंत आटोपतं."

"मग उरलेला मे महिना काय करता?" अण्णांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी खरोखरच्या काळजीनं विचारला होता.

"त्या दिवसाबद्दल बोलतो," रिसबूडबाई म्हणाल्या.

अण्णा पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागले. काही वेळापूर्वी ज्याला त्यांनी मनातल्या मनात जावई करून टाकलं होतं, तो एका उधळ्या घराण्याचा वंशज निघाला होता. आणि ज्याला ताईनं नाकारलं होतं त्याच्याकडे ती आता टक लावून बघत होती.

"पण तुम्हीच डागी का घेता?" तिनं विचारलं. "तुम्हाला कुणी सांगितलंय?"

यशवंत जरा घुटमळला. "मला आवडतो."

"खोटं," ताई म्हणाली.

"खोटं कशाला?" रिसबूडबाई मधे पडल्या. "लहान होता तेव्हा डागी आंबा दिला की रडायचा. मग मी सांगितलं, अरे, लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण तीट लावतो ना, तशी ही आंब्याची तीट. सगळ्यात सुंदर असतो त्यालाच लावतात. तेव्हापासून दुसरा घेत नाही. एवढा सायन्स शिकला, पण अजून खरंच वाटतं त्याला."

"आता वाटत नाही," यशवंत म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते. "पण सवय झाली."

ताई दारातून दोन पावलं आत आली.

"म्हणजे डागी तुम्ही आणि चांगले मी?"

"चालेल का?"

"त्याच दिवशी?"

"आत्ताच घ्या की," यशवंत म्हणाला, आणि मघाशी बाजूला सारलेला तो मोठा केशरी आंबा उचलून त्यानं तिच्यापुढे धरला.

ताईनं तो घेतला. मला वाटलं ती आत नेईल, कापील, ताटलीत आणील. तिनं तसलं काही केलं नाही. देठ दातानं उपटला, थुंकायला जागा नव्हती म्हणून मुठीत धरला, आणि तिथंच, सासू होऊ घातलेल्या बाईसमोर, उभ्यानं आंबा खायला लागली. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला, कोपरावरून आईनं खास आजच्यासाठी ट्रंकेतून काढलेल्या रेशमी साडीवर पडला. आईनं पदर तोंडाला लावला. ताईनं बाठा पांढरा होईपर्यंत सोडला नाही.

"कसा होता?" रिसबूडबाईंनी विचारलं.

"चांगला असावा," ताई म्हणाली. "मी आधी कधी खाल्लेला नाही."

रिसबूडबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तेव्हा अण्णा घसा खाकरून म्हणत होते, "नाही, म्हणजे मला जरा विचार करावा लागेल. एका दिवसात करंडी म्हणजे..."

"अहो," आई म्हणाली. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. "मघाशी होकार दिलात ना?"

"दिला होता, पण तेव्हा..."

"एकदा गेलेली तार परत घेता येते का?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून इतक्या वर्षांत आईनं त्यांच्या खात्यात ढवळाढवळ केली ती तेवढी एकदाच.

"नाही," ते म्हणाले.

मार्गशीर्षात लग्न झालं. जेवणात आंबा नव्हता, त्यामुळे सगळं सुरळीत पार पडलं.

पुढच्या मे महिन्यात करंडी आली. गुलाबभाई म्हणाला, "जावई कसा निघाला, अण्णासाब?" अण्णा म्हणाले, "डाग नीट कापतो." आंबे पलंगाखाली मांडले गेले. रोज संध्याकाळी अण्णा डागी काढून आणत, कापत, आणि आम्ही निमूट खात असू. सुरी चालवता चालवता ते मधेच थांबून भिंतीकडे बघत. तिथं कुणी टेकून उभं नसायचं. मी वाद घालायचा एकदोनदा प्रयत्न केला. "अण्णा, तो चांगला द्या ना," असं मी म्हणायचो आणि ते म्हणायचे, "उद्या." मला पुढचं वाक्य यायचं नाही.

एके दिवशी ते भर दुपारी घरी आले. ऑफिस सोडून दुपारी घरी येणारे अण्णा मी कधी पाहिले नव्हते. टोपी हातात, कपाळावर घाम. आई जात्याजवळ काहीतरी निवडत बसली होती, ती उठून उभी राहिली.

"काय झालं?"

"सगळं ठीक आहे," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. पाणी प्यायले. मग तुटक तुटक सांगायला लागले. सकाळी यंत्रावर ते स्वतःच बसले होते. सांगलीहून तार यायला लागली. आधी गाव येतं, मग शब्दांची संख्या, मग पत्ता. पत्ता त्यांचाच होता.

"तुमचा?"

"माझा. शब्द मोजकेच होते."

आई भिंतीला धरून होती. वाईट बातमी मोजक्या शब्दांतच येते हे तारमास्तराच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही.

"मग?"

"पहिला शब्द आला. 'आज'. आणि लाइन गेली."

"गेली म्हणजे?"

"बंद पडली. मधे कुठंतरी वारा सुटला असेल, खांब पडला असेल."

"किती वेळ?"

"घड्याळ समोरच होतं," अण्णा म्हणाले. "बघितलं नाही."

त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्याच अक्षरात लिहिलेला. पण नेहमीचं टपोरं अक्षर नव्हतं. 'आज' हा शब्द एकटा, वर, आणि मग बरीच जागा सोडून खाली बाकीचं: करंडी उघडली. आजच संपवली. सगळे मजेत. कुमुद.

आई मटकन खाली बसली. मग रडली, मग रागावली. "कार्टीला काय अक्कल आहे का? पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं? आंबे संपले म्हणून कुणी तार करतं?"

अण्णांनी उठून हातपाय धुतले. पलंगाखाली गेले आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एकच आंबा होता. मी सवयीनं डाग शोधला. नव्हता.

"अहो, डागी संपायचेत अजून," आई डोळे पुसत म्हणाली.

"असू देत."

त्यांनी तो तिघांत कापला. डाग नसलेला आंबा कापताना सुरी कुठून लावायची तेच त्यांना क्षणभर कळेना. आम्ही तिघं जमिनीवर बसून खात होतो. भर दुपार, जेवणं कधीचीच झालेली. आईनं आपली फोड अगदी सावकाश खाल्ली. मला तो जरा जास्तच गोड लागला.

बाठा अण्णांनी घेतला. तो संपवून ते बोटं पुसत बसले.

"अण्णा," मी म्हणालो, "आज ताईला पत्र लिहितोय मी. हे कळवू का?"

मला वाटलं ते नको म्हणतील. ते तारेच्या कागदाकडे बघत होते.

"कळव," ते म्हणाले. "आणि तिला म्हणावं, पुढच्या वेळी तार करशील तेव्हा 'सगळे मजेत' एवढं आधी घाल. बाकीचं मागून आलं तरी चालेल."